खरखऱ्याचं टोपडं

आईचा हात कपाळाला लागला तशी मोजपट्टी दचकून मागे सरली. हात कसला, नुसता बर्फ. "अगं बाई, तापलीयस की तू!" आई म्हणाली. मोजपट्टीला ऑफिसची घाई होती, आणि घाईत तिची जीभ नेहमीपेक्षा धारदार चालायची. "आई, तू आत्ता भांडी विसळून आलीस. तुझाच हात गार आहे. गार हाताला सगळं जग तापलेलंच वाटणार." "जन्म गेला माझा कपाळं बघण्यात," आई म्हणाली, "माझ्या हाताला नको शिकवूस." मग काय, इरेला पेटून मोजपट्टीनं फ्रीजमधली बाटली तोंडाला लावली, घटाघटा पाणी प्यायली, थर्मामीटर जिभेखाली धरला आणि काढून आईच्या नाकासमोर नाचवला. "बघ. आहे का काही?" आईनं बघितलंसुद्धा नाही. "त्याला काय विचारतेस? तो तू सांगशील तेच सांगणार," असं काहीसं ती पुटपुटली. आतल्या खोलीत लेक पालथ्या डब्यांवर पेन्सिली बडवत होती, शाळेला सुट्टी होती, आणि त्या दणदणाटात शेवटचा शब्द कुणाचा ठरला ते दोघींनाही कळलं नाही.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. काचेला कपाळ टेकवलं तर बरं वाटलं, जरा जास्तच बरं वाटलं. तिनं डोळे मिटून घेतले. तुझाच हात गार आहे. वाक्य आपलं, आपणच तर म्हणालो, पण आता ते दुसऱ्याच कुणाच्या तरी आवाजात उलटून अंगावर येत होतं. तुझाच हात. तुझंच चुकतंय. हा आवाज सुईचा होता, आणि तो ऐकू नये म्हणून मोजपट्टी गेले कित्येक दिवस जिन्यानं जात होती, कारण सुई लिफ्टनं जायची. मोजपट्टी आणि सुई ही काही आईबापांनी ठेवलेली नावं नव्हेत. कॉलेजातल्या प्रयोगशाळेचा शिपाई दोघींना एकाच टेबलावर कायम खुसपुसताना बघून म्हणाला होता, "आल्या शिवणाच्या डब्यातल्या दोघी." एक दिसेल ते मोजत बसायची, दुसरी अंगानं काटकुळी आणि बोलायला टोचरी. नावं चिकटली ती चिकटलीच. नोकरीही दोघींना एकाच इमारतीत लागली. सुई खालच्या मजल्यावर यंत्रं बनवायची, मोजपट्टी वरच्या मजल्यावर ती तपासायची. सुईनं बनवावं, मोजपट्टीनं नाकं मुरडावीत, मग दोघींनी एका डब्यात जेवावं, असं सगळं सुखानं चाललं होतं.

मोजपट्टीचं काम म्हणजे खरखर मोजणं. रेडिओवर स्टेशन नीट लागलं नाही की येते ती खरखर, फक्त इथली इतकी बारीक की ती कानाला कधीच ऐकू यायची नाही. मायक्रोवेव्हच्या लहरी पकडणाऱ्या यंत्रांच्या पोटात ती असते. खरं म्हणजे कुठे नसते? दगड असो, टेबल असो की माणूस, अंगात जेवढी ऊब तेवढी प्रत्येक वस्तू कुजबुजत असते. म्हणून तर ही खरखर अंशांत मोजतात, तापासारखी. सुई गेली काही वर्षं एकाच गोष्टीच्या मागे होती. बाळाच्या डोक्यावर ठेवायची एक चकती, जी आतल्या मेंदूच्या उबेची कुजबुज ऐकेल आणि सांगेल, आत इतके इतके अंश आहेत. ना टोचणं, ना कापणं. पण इतकं बारीक ऐकायचं तर ऐकणाऱ्याच्या स्वतःच्या पोटात गुरगुर नको. चकतीमागच्या अॅम्प्लिफायरची स्वतःची खरखर पन्नास अंशांच्या आत हवी, ही अट. सुईनं तो बनवला. मोजपट्टीनं मोजला. सत्तावन्न. "पुन्हा मोज," सुई म्हणाली. "तीनदा मोजलाय." "मग तुझं मोजमाप चुकतंय." "माझं?" मोजपट्टी हसली होती. ते हसायला नको होतं. ते हसू तिला आता बसच्या काचेत दिसत होतं, आणि ते काही चांगलं दिसत नव्हतं. पुढे ती म्हणाली होती, "बाळांच्या जिवाशी गाठ आहे. मैत्रीखातर सात अंश माफ नाही करता येत मला." सुईनं अॅम्प उचलला, डबीत ठेवला, डबी मोजपट्टीपुढे सरकवली, आणि जाता जाता म्हणाली, "माफी कोण मागतंय? मी खरं मागतेय." त्यानंतर अबोला. आज दुपारी साहेबांची बैठक होती, तीत सुईचं काम बंद होणार होतं. तिची खोली दुसऱ्या कुणाला, आणि तिची रवानगी माणूस जवळ आला की आपोआप उघडणाऱ्या दारांच्या विभागात. बाळाच्या मेंदूपासून दुकानाच्या दारापर्यंत. मोजपट्टीच्या एका आकड्यावर.

आणि हे सगळं सुई करत होती कुणापायी? मोजपट्टीच्याच लेकीपायी. लेक जन्मली तेव्हा रडली नव्हती. खोलीत इतकी माणसं आणि इतकी शांतता मोजपट्टीनं त्याआधी कधी अनुभवली नव्हती. कुणीतरी पळालं, कुणीतरी हळू आवाजात काही मागितलं, आणि ती पडल्या पडल्या एका आवाजाची वाट बघत राहिली जो आलाच नाही. श्वास मग सुरू झाला, पण मधल्या वेळात मेंदूला हवा कमी पडली होती. डॉक्टर म्हणाले, आता हिला काही दिवस गार ठेवायचं, मेंदू वाचवायचा तर हाच उपाय. गार! आईनं नातीसाठी महिनाभर बसून पिवळ्या लोकरीचं टोपडं विणलं होतं. ते तिनं काचेपलीकडच्या परिचारिकेच्या हातात दिलं, आणि परिचारिकेनं ते हळूच परत केलं. "आत्ता नको, आजी." आई ते टोपडं मुठीत धरून बाकावर बसून राहिली. बाळाला ऊब द्यायची नाही हे तिच्या कुठल्याच हिशेबात बसत नव्हतं. सुई तेव्हा रोज यायची, उभीच राहायची, आणि एक दिवस तिनं डॉक्टरांना विचारलं, "अंगाचं तापमान दिसतंय. पण डोक्याच्या आत किती आहे?" डॉक्टर दमलेले होते, खरं बोलले. "ते कुणालाच कळत नाही. अंदाज करतो आम्ही." सुईनं मोजपट्टीकडे बघितलं. मोजमापावर जगणाऱ्या दोघी बायका, आणि लेकीचा जीव अंदाजावर. लेक वाचली, वाढली, आता घर डोक्यावर घेते. टोपडं मात्र तिच्या डोक्यावर कधी चढलंच नाही. कपाटात राहिलं, नवं कोरं.

वरच्या मजल्यावरची खोली बंद डब्यासारखी होती. खिडकी नाही, वातानुकूलन यंत्राची एकसुरी घरघर, मधोमध टेबल, टेबलावर यंत्र. मोजपट्टी आत शिरली आणि शहारली. गारवा रोजचाच, आज हाडांत शिरत होता. तिनं शाल ओढून घेतली आणि यंत्राकडे बघत उभी राहिली. तुझाच हात गार आहे. यंत्राचा हात कुठला? यंत्राचा हात म्हणजे खरखऱ्या. करंगळीएवढी डबी, यंत्राच्या तोंडाशी बसवलेली. वीज दिली की ती एक ठरलेली मोठी खरखर करते, वीज काढली की राहते ती फक्त तिच्या स्वतःच्या उबेची कुजबुज. दोन्ही आवाज माहितीतले, म्हणून त्यांच्या जोरावर तिसऱ्याची खरखर काढता येते. फक्त वीज नसताना डबी किती गरम आहे ते यंत्राला सांगावं लागतं. ते मोजपट्टी भिंतीवरच्या तापमापकावर बघून सांगायची. खोली एवढी, म्हणजे खरखऱ्याही तेवढाच.

आणि खरखऱ्याच्या अंगावर पिवळं टोपडं होतं.

हे टोपडं तिनंच घातलेलं. सुईचा अॅम्प इतका हळवा की वातानुकूलनाची झुळूक आली तरी आकडा डोलायचा. खरखऱ्याला वारा लागू नये म्हणून काहीतरी लहानसं, मऊ हवं होतं, आणि घरी कपाट आवरताना टोपडं हाताला लागलं. दुमडून बरोब्बर बसलं. तिला गंमत वाटली होती, थोडं भरूनही आलं होतं. इतक्या वर्षांनी सार्थकी लागलं म्हणून आईलाही सांगितलं होतं. आणि खरंच, टोपडं घातलं आणि आकडा डोलायचा थांबला, सत्तावन्नावर ठाण मांडून बसला. स्थिर आकडा म्हणजे खरा आकडा नव्हे, हे नव्या लोकांना तिनंच किती वेळा घसा फोडून सांगितलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान! तिनं तेव्हा ठोकळा लावून बघितला होता का? बघितला होता की. महिन्याच्या सुरुवातीला. आणि टोपडं? टोपडं त्याच्यानंतर.

ठोकळा म्हणजे तपासनिसांचा जुना रिवाज. दुकानदारानं माल तोलण्याआधी काट्यावर माहितीतलं वजन ठेवून बघावं, तसा. पितळी तुकडा, आत वीज नाही, काही कळ नाही, आलेली लहर दाबून दहाव्या हिश्शावर आणायची एवढंच त्याला येतं. बुद्दू म्हणा ना. पण बुद्दू असण्यातच त्याची सारी किंमत. तो किती दाबतो आणि किती गरम आहे हे ठाऊक असलं की त्याची खरखर कागदावर आधीच काढता येते, आणि त्याहून कमी तो कुजबुजूच शकत नाही. उबेशी खोटं बोलणं कुणाला जमलंय? तिनं ड्रॉवरमधून ठोकळा काढला. जोडाचा नट पिळताना पाना दोनदा घसरला. टोपडं तसंच ठेवलं, कारण ज्या स्थितीत निकाल दिला त्याच स्थितीत तपासायला हवं. यंत्रानं आपला वेळ घेतला. आकडा आला. कमी. नुसता कमी नाही, अशक्य कमी. ठोकळा कडाक्याच्या थंडीत ठेवला असता तर त्यानं असा आकडा दिला असता, आणि इथे तो तिच्या समोर, तिच्याच खोलीत होता. म्हणजे मोजमाप खोटं. सुई म्हणाली तसं, अगदी तसंच.

मग जे मनात आलं त्याची तिला पुढे कितीतरी वेळ लाज वाटत राहिली. यंत्र कमी दाखवतंय, म्हणजे सुईचा अॅम्प सत्तावन्नहूनही वाईट असणार. म्हणजे निकाल तोच, नापास, उलट जास्तच नापास. मोजमाप चुकलं पण मी चुकले नाही! सुटले! क्षणभर छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालं. आणि लगेच दुसरा चढला, पहिल्याहून जड. अरे, आपण मैत्रिणीचं वाईट निघावं म्हणून जीव मुठीत धरून बसलोय? कधीपासून? तिला सुईचा काचेपाशी उभा राहिलेला काटकुळा पाठमोरा आकार आठवला, रोज, न बसता. डोळ्यांत पाणी आलं, डोळे तसेही सकाळपासून जळजळत होते. तिनं शालीनं नाक पुसलं. "बस झालं," ती मोठ्यानं म्हणाली, "रडायचं नंतर. आधी चूक शोध."

तिनं पाठकोरा कागद घेतला. कागदावर तिची कायम हुशारी चालायची, माणसांपुढे कमी. यंत्र आधी स्वतःची खरखर एकट्यानं मोजून ठेवतं, मग मधे वस्तू जोडून दोघांची मिळून मोजतं, आणि त्यातून आपला वाटा वजा करतं. आता समजा, खरखऱ्या सांगितल्यापेक्षा गरम आहे. तर दोन्ही वेळा ते जादाचे अंश फुकटचे शिरतात. मधे अॅम्प असला तर तो येणारं सगळं इतकं मोठं करतो की यंत्राचा स्वतःचा वाटा राहतो चिमूटभर. वजा काहीच होत नाही, जादाचे अंश तसेच्या तसे अॅम्पच्या बोकांडी बसतात. मधे ठोकळा असला तर? ठोकळा दाबतो, यंत्राचा वाटा दहापट होतो, वजा करताना चूकही दहापट वजा होते, आणि बिचारा ठोकळा अशक्य गप्प ठरतो. मोजपट्टीची पेन्सिल थांबली. एकच चूक, आणि ती दोघांना दोन टोकांना ढकलते. गप्प बसणाऱ्याला आणखी गप्प दाखवते, आणि बोलणाऱ्याला गोंगाटी. तिनं ठोकळ्याची तूट घेतली, भागली. बारा अंश आले. सत्तावन्नातून बारा. ती वजाबाकी करायचीसुद्धा तिला भीती वाटली, पण ती काय, पहिलीतलं पोरगंही करेल.

टोपड्याला हात लावला तर ऊब लागली. पण आज स्वतःच्या हातावर भरवसा ठेवायची तिची तयारी नव्हती. धाग्याएवढा बारीक तापमापक घेऊन तिनं तो लोकरीखाली खरखऱ्याच्या अंगाला चिकटवला, दुसरा भिंतीवरच्याशेजारी टांगला. फरक बारा, बारा आणि वर थोडं. एकदा कागदावरून बारा, एकदा लोकरीखालून बारा. खरखऱ्या दर घडीला वीज घेऊन तापत होता, यंत्राची धग खालून, आणि वरून आजीच्या मायेचं पांघरूण. वारा लागू नये म्हणून जपलं, आणि जपता जपता त्याला ताप आणला. मोजपट्टीनं दोन बोटांनी टोपडं उचललं. "आत्ता नको," ती म्हणाली, आणि तो आवाज आपला की त्या परिचारिकेचा हे तिला नीटसं कळलं नाही. मग तिनं वातानुकूलनाच्या झडपेची पाती वर वळवली, वारा छताकडे गेला. इतकं सोपं होतं. इतकं सोपं असतं आणि माणसं लोकर विणत बसतात. खरखऱ्या निवेपर्यंत ती खुर्चीत हातपाय आखडून बसली, भिंतीवरच्या आणि अंगावरच्या दोन आकड्यांकडे बघत. ते एकमेकांजवळ येत होते, रेंगाळत, रुसलेल्या माणसांसारखे. आले. ठोकळा लावला. ठोकळ्यानं कागदावरचा आकडा जसाच्या तसा म्हणून दाखवला. सुईचा अॅम्प अजून इथल्याच कपाटात होता, नापासांच्या खणात. तो लावला. पंचेचाळीस, जेमतेम डोलणारा, पण पंचेचाळीस.

ती उठून उभी राहिली, पुन्हा बसली. हा आकडा आपल्याला हवा आहे. हवा असलेला आकडा दिसला की मोजणाऱ्यानं आधी स्वतःवर संशय घ्यावा. पण बैठक दुपारची होती आणि जिना उतरायला पाय तयार नव्हते. आजवर तिच्या शब्दावर कुणी प्रश्न विचारला नव्हता, तेच तिचं नाव, तीच तिची इस्टेट. खाली जाऊन 'चुकले' म्हणायचं म्हणजे ती घालवायची. घालवू, ती स्वतःशी म्हणाली. टोपडं मुठीत घेतलं आणि आज कित्येक दिवसांनी लिफ्टचं बटण दाबलं.

सुई खोक्यात वस्तू भरत होती. तारांची भेंडोळी, भिंगाचा दिवा, चकतीचे जुने फसलेले नमुने. वर न बघता म्हणाली, "काय आणलंस? आणखी सात अंश?"

"बारा," मोजपट्टी म्हणाली. "बारा अंश माझे होते. तुझ्या माथी मारले."

सुईचे हात थांबले. मोजपट्टीनं सगळं सांगितलं, धडाधड, आईच्या गार हातापासून, मधे श्वाससुद्धा न घेता. ठोकळा अशक्य गप्प आला तेव्हा आपल्याला बरं वाटलं होतं, हेही सांगितलं. ते सांगितलं नसतं तरी चाललं असतं, पण मग पुढचं काहीच चाललं नसतं. शेवटी मूठ उघडली. सुईनं टोपडं ओळखलं. न ओळखायला काय झालं, तिच्याच समोर ते परत आलं होतं.

"हे घातलंस? खरखऱ्याला?"

"झुळूक लागत होती गं त्याला."

"झुळूक लागत होती!" सुई म्हणाली, आणि हसायला लागली. हसता हसता खोक्याच्या काठावर बसली, खोकं चेपलं, ती आणखी हसली, आणि मग हसू कुठेतरी अडकलं आणि तिनं तोंडावर दोन्ही हात घेतले. "मला वाटलं होतं माझंच संपलं," ती हातांआडून म्हणाली. "तू चुकत नाहीस म्हणून. जगानं सांगितलं असतं तर भांडले असते. तू सांगितलंस." मोजपट्टीनं खाली पडलेलं तारांचं एक भेंडोळं उचलून टेबलावर ठेवलं.

सुईनं डोळे पुसले, नाक ओढलं आणि एकदम पूर्वीची सुई झाली. "आणि आता पंचेचाळीस म्हणतेस? खूश होऊन मोजलेलं मी नाही मानत. मोजणारीला बरा आकडा हवा होता की नाही?"

"हवा होता."

"मग माझ्यासमोर मोज. पाना मी पिळते. आणि आधी ठोकळा."

"आधी ठोकळाच," मोजपट्टी म्हणाली. तिला त्या शब्दाचा इतका आनंद आजवर कधी झाला नव्हता.

वरच्या खोलीत दोघी जुन्यासारख्या एका टेबलावर वाकल्या. सुईनं भिंतीवरचा तापमापक वाचला, खरखऱ्याच्या अंगावरचा वाचला, दोन्ही जुळतात म्हणून मान हलवली, तरी पुन्हा वाचले. ठोकळा आला तसाच आला. अॅम्प लावताना सुईचा हात क्षणभर हवेतच राहिला. तेवढ्यात दार उघडून साहेब डोकावले. भला माणूस, पण घड्याळाचा नोकर. "बाई, बैठकीला बसतोय. तो बंद करायचा विषय पहिलाच आहे. तुमचा सत्तावन्न कायम ना?" "नाही साहेब. माझं मोजमाप चुकलं होतं."

"तुमचं?" साहेबांनी सुईकडे बघितलं, जणू तीच साक्षीदार. "अहो, तुमचा शब्द म्हणजे आमच्याकडे काळ्या दगडावरची रेघ."

"रेघ ठीक होती, दगडच तापला होता," सुई म्हणाली. "या, बघा ना. फक्त दार लावून घ्या, वारा येतो."

साहेब आले, दार लावलं, आणि का कोण जाणे, पावलं न वाजवता टेबलापाशी आले. तिघंही श्वास रोखून पडद्याकडे बघत राहिले. आकडा शेहेचाळीसवर गेला, हलला, पंचेचाळीसवर बसला. सुईनं यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं, पुन्हा पहिल्यापासून. पंचेचाळीस. साहेबांनी घसा साफ केला. "हे मध्यंतरीचं बाकी काही मोजलं असेल ते?" "सगळं पुन्हा मोजणार," मोजपट्टी म्हणाली. "आणि चूक कशी झाली ते बैठकीत मीच सांगते, टोपड्यासकट." "टोपडं कसलं?" "सांगते." साहेबांनी मान डोलावली. "चला मग. बंद करायचा विषय मी काढून टाकतो. त्या जागी पुढच्या चाचण्या घेऊ, रुग्णालयातल्या," म्हणत ते बाहेर पडले, आणि घड्याळ बघायला मात्र विसरले.

"चल," म्हणून सुईनं तिचं मनगट धरलं आणि तशीच थांबली. "अगं, तू तापलीयस."

"तुझा हात गार असेल."

सुईनं तिच्याकडे एकदा बघितलं. मग उजवा तळवा आधी स्वतःच्या कपाळावर ठेवला. डोळे मिटून जरा वेळ तसाच राहू दिला, नीट. आणि मग तोच तळवा मोजपट्टीच्या कपाळावर ठेवला.

"माझं तेवढं, तुझं एवढं. ताप आहे, बाईसाहेब. चांगला आहे."

मोजपट्टीला सकाळची बाटली आठवली, घटाघटा प्यायलेलं गार पाणी, आणि जिभेखालचा तो बिचारा थर्मामीटर. तिनं कपाळ त्या तळव्याला तसंच टेकवून ठेवलं. मग फोन काढला आणि घरी लावला. पलीकडे आधी आईचा आवाज आलाच नाही, आला तो डब्यांचा दणदणाट.

"आई, तुझं बरोबर होतं. ताप आहे मला."

"काय म्हणतेस? काही ऐकू येत नाहीये!" आई ओरडली. "ही कार्टी बडवतेय सकाळपासून. थांब, गप्प करते तिला आधी—"

"नको," मोजपट्टी म्हणाली. "आई, नको. बडवू दे तिला."